जिथे होती, तिथून

मानाग्वात घरांना नंबर नसतात.
पत्ता सांगतात तो असा:
जिथे बेर्मूदेसची फार्मसी होती तिथून
तळ्याकडे दोन चौक,
मग वर, म्हणजे उगवतीला, अर्धा.
फार्मसी बहात्तरच्या भूकंपात गेली.
माझा जन्म त्यानंतर नऊ वर्षांनी.
तरी खांद्याला बर्फाची पेटी अडकवून
मी रोज त्या नसलेल्या दारापासूनच
चालायला लागते.

मार्च. धुरळा.
तापाचे महिने यायच्या आत
पोरांचं रक्त घ्यायचं असतं,
वर्षातून एकदा, जेमतेम चमचाभर.
सहा वर्षं झाली.
नोर्विन आता सुई बघून
छताचे पत्रे मोजतो फक्त.
याहोस्का अजून ओरडते,
नुसता ओला कापूस लागला तरी.

एक आई, एक नळ, एक पंखा,
एकाच ताटातला तो राजमा-भात
ज्याला इथे ठिपक्यांचा कोंबडा म्हणतात.
पण नोर्विनला पहिला फ्लू भेटला
अकराव्या महिन्यात.
याहोस्काला साडेतिसऱ्या वर्षी,
आणि तो निराळा होता,
आडनाव तेच, तोंडवळा दुसरा.

गेल्या जुलैत तिसराच कोणी आला.
नोर्विन दोन दिवस कण्हला,
तिसऱ्या दिवशी बेसबॉलचा मोजा शोधत
पलंगाखाली शिरला.
याहोस्का नऊ दिवस.
सातव्या रात्री तिच्या बरगड्या
श्वासागणिक आत जात होत्या.

मारित्सानं विचारलं,
मी दोघांना सारखंच वाढवलं ना?
असं विचारलं जणू
माझ्या नळीत तिचाच गुन्हा भरलाय.

मी म्हटलं, वाढवण्याचा प्रश्न नाही.
रक्त पहिला पाहुणा विसरत नाही.
पुढे जो येईल त्याच्या चेहऱ्यात
त्याचंच नाक शोधतं.
सापडलं तर झटकन कडी घालतं.
नाही सापडलं
तरी कधी कधी जुन्याच नाकासाठी
कुलपं घडवत बसतं,
आणि नवा मागच्या दारानं आत.
हे बाळकडू पाजणारा कोण,
ते पोर निवडत नाही. तूही नाही.
याहोस्काचं असंच झालं, हे मात्र
मला छातीठोक सांगता येणार नाही.

ती ओल्या हातानं कपाळ पुसत म्हणाली,
म्हणजे फार्मसीसारखं.

मी गप्प झाले.
कारण मला ती ऑक्टोबरची रात्र आठवली:
फोनवर कोणी म्हणालं, पोर तापानं फणफणलंय,
जिथे फार्मसी होती तिथून या.
मी आले, इथेच, डोळे मिटून आले.
त्यांची फार्मसी दुसरी होती,
त्या कोपऱ्यावरची, चार वर्षांपूर्वी बंद पडलेली.
पाऊण तास मी योग्य पत्त्यावर
चुकीचं दार ठोठावत राहिले.
पोर वाचलं.
पाऊण तास मात्र माझ्यापाशीच राहिला.

माझा स्वतःचा पहिला ताप
कुणी लिहून ठेवला नाही.
ब्याऐंशी असेल, त्र्याऐंशी असेल.
आई म्हणते, तेव्हा सीमेकडून ट्रक यायचे,
अंगाची आग कोण मोजणार.
पण दर हिवाळी खोकल्यात
माझ्या आत कोणीतरी ते वर्ष उघडून बघतं
आणि मला सांगत नाही.

मी चिठ्ठी चिकटवते: घर ४१७, दुसरं मूल.
सरकारी कागदावर तेवढा नंबर आहे त्यांना.

कोपऱ्यातल्या झोळीत मारित्साचं तिसरं,
चार महिन्यांचं, अजून नाव पक्कं नाही.
आईच्या रक्तातली उसनी शिदोरी
संपत आली असेल.
मी म्हणते, सहा महिने झाले की लस देऊ,
तीच आधी पोचली तर बरं.
मारित्सा बोटांवर महिने मोजते:
एप्रिल, मे.
पाऊस पण मेमध्येच.

दारात कोणीतरी शिंकतं.
आम्ही दोघी एकदम वळतो.

कुत्रा असतो.
बाळ त्याच्याकडे बघतं,
टक लावून,
पहिल्यांदाच काही बघावं तसं.